आर्व्हिड लाहतीची न भिजणारी जीप

आर्व्हिड लाहतीला कुठलीही वस्तू सुटी करता येते, हे साऱ्या पेल्टो लेक गावाला ठाऊक होतं. गावच्या सहकारी दुकानात मांसाच्या काउंटरवर त्याचा जन्म गेला. अख्खं हरीण आणून समोर टाका, गिऱ्हाईक एक कॉफी पिऊन येईपर्यंत हा त्याचे तुकडे करून, कागदात बांधून, वर चिठ्ठ्या डकवून मोकळा. "आपल्या धंद्यात एक बरं आहे," तो म्हणायचा, "कापलेलं परत जोडून द्या म्हणत कुणी येत नाही."

हे जीप घरी येण्याआधीचं बोलणं. जीप आल्यावर लोकांनी त्याला ते इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी तो स्वतःच ते आधी म्हणून टाकायला लागला. दुसऱ्यानं हसण्यापेक्षा आपणच हसलेलं परवडतं.

तसं पाहिलं तर त्याच्या बापाने हे पूर्वीच सांगून ठेवलं होतं. बाप तांब्याच्या खाणीत पंप सांभाळायचा. पोरानं घरातला रेडिओ उघडून टेबलभर पसरलेला पाहून तो म्हणाला होता, "ह्याच्या हाताला स्क्रू फिरवायची एकच दिशा माहीत आहे." तो रेडिओ पुढे कधी बोलला नाही. आर्व्हिड मात्र बोलत राहिला. तो सुपीरियर सरोवराच्या काठावर, महिनोन्‌महिने बर्फात राहणाऱ्या त्या गावात जन्मला, वाढला, आणि फिनलंडहून आलेल्या त्या अबोल माणसांत एकटाच एवढा बडबड्या निघाला.

जीप सापडली शिकारीच्या दिवसांत. बंद पडलेल्या एका लाकूड-गिरणीच्या मागे हा हरणाचा माग काढत गेला, आणि हरणाऐवजी झुडपातून दोन गोल दिवे त्याच्याकडे टक लावून पाहताना दिसले. बासष्ट सालची विलीज जीप. छत नाही, सीट उंदरांनी खाल्लेल्या, आणि गाडीचा तळ फोडून वर आलेलं मनगटाएवढं बर्चचं झाड ड्रायव्हरच्या जागी ऐटीत उभं. गिरणीची म्हातारी मालकीण म्हणाली, "झाडासकट नेणार असशील तर ने. मला तेवढीच साफसफाई."

ट्रेलर अंगणात आला तेव्हा त्याची बायको लॉइस दारात उभी होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि दिवसभर पोरांना दटावून आलेल्या आवाजातच घरी बोलायची.

"आर्वी, तू गाडी आणलीयेस की झाड?"

"गाडी. झाड आतून आलंय."

"आणि हे चालणार कधी?"

"उन्हाळ्यात," आर्व्हिड म्हणाला. कुठल्या उन्हाळ्यात, ते त्यानं सांगितलं नाही, आणि पुढे तो याच मुद्द्यावर अडून राहिला.

सुटं करायचं काम दोन दिवसांत उरकलं. त्या दोन दिवसांइतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि हे त्यानं लॉइसला सांगायची चूकही केली. काय कुठून निघालं हे कळावं म्हणून तो प्रत्येक भागाचा फोटो काढणार होता. पण हात ग्रीसनं माखले, फोन हातातून निसटला तो थेट तेलाच्या घमेल्यात, आणि तो विषय संपला. मग त्यानं सवयीनं दुकानातला कागद आणला, एकेक भाग त्यात बांधला आणि वर मांसाला लावायच्या चिठ्ठ्या लावल्या. पुढे त्याचा मित्र गॉर्डी ट्रेव्हॅरो मदतीला आला, तेव्हा त्याच्या हाती जे पहिलं पुडकं लागलं त्यावर लिहिलं होतं, 'डावी मांडी'.

गॉर्डी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. लठ्ठ, सदा च्युइंगम चघळणारा, आणि आर्व्हिडला पहिलीपासून ओळखणारा. त्यानं पुडकं उघडून पाहिलं.

"आर्वी, हा स्टिअरिंगचा दांडा आहे रे."

"तेव्हा मला तो मांडीसारखा वाटला."

"आणि ह्याच्यावर 'बरगडी' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काय म्हणून?"

"ते मलाही कळलं नाही, म्हणूनच प्रश्नचिन्ह."

गॅरेज भरल्यावर भाग घरात शिरले. बॉनेट पाहुण्यांच्या पलंगाखाली, दिवे फडताळात चिनीमातीच्या बशांशेजारी. गिअरबॉक्सला ओल लागू नये म्हणून आर्व्हिडनं तो सौनात नेऊन ठेवला, वरच्या बाकावर. सौना, म्हणजे चुलीनं तापवलेली लाकडी न्हाणी, त्या गावात देवघराच्या खालोखाल. तिथे आवाज चढवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. गिअरबॉक्स ठेवायचा नाही असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

त्या शनिवारी सासूबाई आल्या. एलमा कांगास सरोवराच्या आडवळणी टोकाला, रानातल्या लाकडी घरात एकट्या राहायच्या. नवरा ऊर्हो जाऊन बरीच वर्षं झाली होती. शनिवारी मुलीकडे यायचं, सौना घ्यायचा, कॉफी प्यायची आणि परत जायचं, एवढाच त्यांचा जगाशी व्यवहार. जावयाशी तर त्याहून कमी. आर्व्हिडनं लॉइसला मागणी घातली तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या होत्या, आणि त्याच्या मते तेव्हापासून त्यात फारशी भर पडली नव्हती. आपण त्यांना आवडत नाही, हे त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या सौनात गेल्या. आर्व्हिडला गिअरबॉक्स आठवला तेव्हा उशीर झाला होता. तो आणि लॉइस स्वयंपाकघरात श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळानं एलमा बाहेर आल्या, लालबुंद, डोक्याला टॉवेल. खुर्चीत बसल्या. वेलदोड्याच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला.

"आत एक पाहुणा होता," त्या म्हणाल्या. "बोलत नव्हता. बरा वाटला."

आर्व्हिडनं हे सोमवारी काउंटरवर सगळ्यांना सांगितलं. हसवून सांगितलं, पण मनात कुठेतरी लागलंच.

वर्षं गेली. जीप जोडली गेली ती गॉर्डीच्या वेल्डिंगनं आणि आर्व्हिडच्या हट्टानं. कुजलेला पत्रा कापून नवा बसवला. इंजिन एकदा जोडून झाल्यावर एक वॉशर टेबलावर उरला, म्हणून परत उघडलं. पुन्हा जोडलं तेव्हा दोन उरले. पत्र्याला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, पुन्हा भरून आर्व्हिडची बोटं गुळगुळीत झाली. रंग त्यानं घरीच दिला, गॅरेजला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावून. हिरवा, जुन्या पाटीसारखा गडद. महिना जूनचा होता, रानातल्या काळ्या माश्यांचा. सकाळी प्लॅस्टिक बाजूला केलं तर बॉनेटवर माश्यांची जत्रा चिकटलेली. गॉर्डी म्हणाला, "राहू दे की. ठिपक्यांची जीप कुणाकडे नाही." आर्व्हिडनं सगळं खरवडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

आणि एका दुपारी ती सुरू झाली. खोकली, धूर ओकली, आणि मग शिवणयंत्रासारखी चालायला लागली. आर्व्हिड रडला. डोळ्यांत धूर गेला असं त्यानं सांगितलं, आणि गॉर्डीनं मित्र म्हणून ते मानलं.

खरी पंचाईत पुढेच होती. ती जीप चिखलात, दगडांत, नदीनाल्यांत घालायला बनलेली. आणि आर्व्हिडला ती अंगणाच्या खडीवर न्यायचीही छाती होईना. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ, मिठानं पत्रा खाल्ला जातो. म्हणून हिवाळ्यात नाही. वसंतात चिखल, म्हणून वसंतात नाही. उन्हाळ्यात धूळ, पावसाचे थेंब, पक्षी. एखाद्या कोरड्या, वारा नसलेल्या रविवारी तो तिला चर्चपर्यंत न्यायचा आणि घरी येऊन फडक्यानं पुसायचा. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्यानं ती चालवली, तर लोकांनी फेकलेली एक खाऊची गोळी बॉनेटवर टणकन वाजली. मिरवणूक थांबवून तो खाली उतरला आणि पत्रा चाचपू लागला. मागून वाजतगाजत येणारा शाळेचा बँड त्याच्या पाठीवर येऊन आदळला.

गॉर्डी तिला 'नवरी' म्हणू लागला. "नवरीला ऊन लागेल रे, घुंगट घाल." गावानं ते उचललं. दुकानात बायका कीमा घेताना विचारायच्या, "नवरी कशी आहे?" आर्व्हिड म्हणायचा, "माहेरीच आहे. सासरी पाठवायची हिंमत होत नाही." सगळे हसायचे. तोही हसायचा. रात्री दिवे घालवण्याआधी मात्र गॅरेजमध्ये एकदा डोकावून यायचा, आणि आपण नेमकं कशावर हसतोय ते त्याचं त्यालाही कळायचं नाही.

मग एक वसंत असा आला, की साठलेलं बर्फ एकदम वितळलं आणि वरून गरम पाऊस पडला. ओढे फुगले. सकाळी बातमी आली, की एलमांच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मोरी वाहून गेली आहे. लॉइसनं फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. गॉर्डी आणि गावातले बाकीचे तगडे ट्रकवाले नदीपलीकडे वाळूची पोती रचायला गेलेले.

"आई ऐंशीची झालीये," लॉइस म्हणाली. "सरपण आणायला गेली असेल, घसरली असेल. काहीही झालं असेल."

"मागून लाकूडतोड्यांची जुनी वाट आहे ना, टेकडीवरून," आर्व्हिड म्हणाला.

"त्या वाटेनं काय जाणार?"

दोघांनीही एकाच वेळी गॅरेजकडे पाहिलं.

"तू?" लॉइस म्हणाली. "तिला घेऊन? चिखलात?"

"त्याचसाठी बनलीये ती," आर्व्हिड म्हणाला, आणि आपल्या आवाजातल्या मर्दुमकीनं त्याचा तोच चकित झाला. ती मर्दुमकी गॅरेजपर्यंत टिकली. तिथे त्यानं दोन्ही मडगार्डांवर जुन्या गोधड्या दोरीनं बांधल्या, ओरखडे येऊ नयेत म्हणून. लॉइस दारातून बघत होती. मग तिनं मांस-बटाटा भरलेल्या दोन पास्टींची पिशवी आणि आईची औषधं सीटवर ठेवली आणि नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला, जे ती एरवी करत नसे.

टेकडीची वाट सुरुवातीला दगडी होती. जीप चढली. गोधड्या फडफडल्या. आर्व्हिड मोठ्यानं गाऊ लागला. मग उतार लागला, आणि उताराच्या तळाशी काळ्या, चकाकत्या चिखलाचा पट्टा. त्यानं वेग घेतला, मध्यावर पोचला, आणि जीप एक उसासा टाकून बसली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली.

"हरकत नाही," आर्व्हिड म्हणाला. "फोर-व्हील ड्राइव्ह कशासाठी असतं?" त्यानं तो छोटा दांडा ओढला. क्लच सोडला. मागची चाकं फिरली. पुढची ढिम्म. पुन्हा ओढला. पुढची चाकं शांतपणे देखावा बघत बसलेली.

आणि मग त्याला आठवलं. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा लोखंडी शाफ्ट जीपच्या खाली नव्हताच. तो घरी, चादरींच्या कपाटात, दुकानाच्या कागदात बांधलेला पडला होता. फिरताना त्यातून ग्रीसचे थेंब उडायचे, खालच्या बाजूचा रंग खराब व्हायचा. म्हणून गेल्याच्या गेल्या वर्षी आर्व्हिडनं स्वतःच्या हातानं तो काढून ठेवला होता.

तो बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. आपण सासूला वाचवायला निघालो आहोत, आपल्या गाडीला गोधड्या बांधल्या आहेत आणि आतला निम्मा जीव आपण चादरींच्या कपाटात ठेवून आलोय. बापानं हे पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, याचा विचार करायचंही त्यानं टाळलं.

तेवढ्यात खालच्या झाडीतून ट्रॅक्टरची फटफट ऐकू आली. लहानसा, तांबडा, पुढे बर्फ ढकलायचा पत्रा लावलेला ट्रॅक्टर. त्यावर रबरी बूट, कानटोपी आणि नवऱ्याचा जुना कोट घातलेल्या एलमा कांगास. चिखलाच्या पलीकडच्या काठाशी थांबल्या. जीपकडे पाहिलं, गोधड्यांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"थंडी वाजते का हिला?" त्यांनी विचारलं.

"एलमा! तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. तुझा आवाज ऐकला. कुणी तरी रेकतंय असं वाटलं."

"गात होतो मी."

"असेल." त्या उतरल्या, ट्रॅक्टरच्या मागची साखळी ओढत आणली. "पुढची चाकं का फिरत नाहीत?"

आर्व्हिडनं सांगितलं. सगळं, कपाटापर्यंत. एलमांचा चेहरा काही हलला नाही. फक्त साखळी हातात धरून त्या मिनिटभर वर आभाळाकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. मग त्या ट्रॅक्टरवर चढल्या.

साखळी ताणली गेली. पुढचा बंपर कण्हला, एका बाजूनं निघाला आणि मिशीसारखा वाकडा झाला. जीप चिखलातून सुटली ती एका झटक्यात, आणि वाटेच्या कडेला असलेल्या देवदाराला जाऊन घासली. डावं मडगार्ड चेपलं. गोधडी झाडाला अडकून मागेच राहिली.

आर्व्हिड खाली उतरला. मडगार्डवर हात ठेवला. तिथला हिरवा रंग सोलून निघाला होता आणि खाली त्यानं वर्षानुवर्षं घासलेली लांबी पांढरी फटक दिसत होती. आता आपल्याला काही तरी होईल, छातीत कळ येईल, अशी त्यानं वाट पाहिली. काही झालं नाही. उलट पोटातून हसू येऊ लागलं, आणि एकदा यायला लागल्यावर थांबेना.

एलमांच्या घरी सगळं ठीक होतं. फोनची तार तेवढी तुटली होती. चूल पेटलेली, सरपण भिंतीला रचलेलं, धुरावलेला मासा टांगलेला. औषधं पाहून एलमा म्हणाल्या, "ही माझ्याकडे आहेत." पास्टी मात्र त्यांनी दोन्ही खाल्ल्या. रस्ता दुरुस्त होईपर्यंत जावयाला तिथेच राहणं भाग होतं. नदीपलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारून घरी निरोप पोचवला, आणि दोघं समोरासमोर बसले.

आर्व्हिड बोलू लागला. हवेबद्दल, गावाबद्दल, मांसाच्या प्रतीबद्दल. संध्याकाळ बोलण्यात गेली. दुसऱ्या दिवशी न्याहारीलाही तेच. शेवटी तो थांबला, कप खाली ठेवला आणि जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारून टाकलं.

"एलमा, मी तुम्हाला का आवडत नाही?"

त्यांनी नवल करून पाहिलं. "कोण म्हणालं?"

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

"केव्हा बोलू?" एलमा म्हणाल्या. "तू जागा कुठे सोडतोस?"

आर्व्हिडनं तोंड उघडलं. मिटलं. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. सारं घर इतकं शांत होतं, की सरोवराकडून येणारा एक खोल, लांबलेला कण्हण्यासारखा आवाजही ऐकू येऊ लागला.

"बर्फ फुटतंय," एलमा म्हणाल्या. मग थोड्या थांबून, "वरच्या कड्यावरून दिसतं ते. ऊर्हो आणि मी जायचो. ऊर्हो गेल्यावर मी ट्रॅक्टरनं जाऊन पाहिलं, पण तो कमरेला फार हाणतो. मग सोडलं." एवढं सलग बोलताना त्यानं त्यांना प्रथमच ऐकलं. "तुझ्या त्या गाडीला सीट बऱ्या आहेत."

वाट कोरड्या दगडांची होती; मागच्या दोन चाकांवर जमण्यासारखी. दोन्ही बाजूंनी फांद्या आत आलेल्या. पहिली फांदी दारावरून खरवडत गेली तेव्हा आर्व्हिडच्या पाठीवर काटा आला. दुसरीला त्यानं दात आवळले. पुढे त्याचं लक्षच राहिलं नाही, कारण एलमा शेजारी काचेच्या चौकटीला धरून बसल्या होत्या, टोपी मागे सरकलेली, आणि प्रत्येक उंचवट्याला त्यांच्या तोंडून "हां!" असा आवाज निघत होता. त्या आवाजासाठी त्यानं एक-दोन खड्डे मुद्दाम घेतले.

कड्यावर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. खाली सबंध सरोवर हलत होतं. पांढरे पट्टे एकमेकांवर चढत होते, कडा मोडत होत्या, मधून काळंभोर पाणी उघडं पडत होतं. आर्व्हिडला पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. त्यानं सांगितलं नाही. त्याच्या आयुष्यातलं ते मोठंच कष्टाचं काम होतं.

कितीतरी वेळानं एलमा म्हणाल्या, "लॉइस म्हणते तू मूर्ख आहेस. आहेस तू. पण तूच आलास."

रस्ता उघडल्यावर आर्व्हिड घरी आला. जीपच्या अंगावर चिखल सुकून खपली धरलेला, बंपर तारेनं बांधलेला, उरलेली एक गोधडी लोंबत असलेली. लॉइसनं आधी आईची हकीकत विचारली, मग नवऱ्याची, आणि गाडीचा शब्दही काढला नाही. गॉर्डी धावत आला. जीपभोवती एक फेरी मारली, च्युइंगम चघळायचं थांबला.

"आर्वी, नवरीचं काय केलंस हे?"

"सासरी जाऊन आली."

"मडगार्ड दोन दिवसांत सरळ करून देतो. रंगही जुळवतो."

"आधी शाफ्ट बसवू," आर्व्हिड म्हणाला. "मडगार्ड राहू दे."

ते अजून तसंच आहे. आता दर शनिवारी जीप रानातल्या घरी जाते, पाऊस असो वा बर्फ, आणि मिठानं जे व्हायचं ते होऊ लागलं आहे. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय. आर्व्हिड काउंटरवर सांगतो, की आपण वर्षानुवर्षं खपून गाडी नवी केली आणि दोन हिवाळ्यांत पुन्हा होती तशी करून दाखवली. एवढ्या झपाट्यानं दुसऱ्या कुणाला जमलं असतं का?

मागच्या शरदात एलमांनी स्टिअरिंगवर बसायची इच्छा सांगितली. आर्व्हिडनं जागा बदलली. क्लच कुठे, ब्रेक कुठे हे तो समजावू लागला होता, तोवर जीप सुटलीसुद्धा. अंगणाला एक वळसा, मग दुसरा, मग फाटकाबाहेर. टपालाची पेटी खांबासकट आडवी झाली. एलमांनी गाडी थांबवली, मागे वळून पेटीकडे पाहिलं, आणि पहिला गिअर टाकून पुढे निघाल्या. आर्व्हिड दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन आला आणि खांब पुन्हा रोवून गेला. पेटी जरा तिरकी बसली आहे, पण टपाल आत राहतं.